तगरीवरची अळी उतरली

फोटोत बोटाएवढं जाड, हिरवंगार काहीतरी तगरीच्या फांदीला चिकटलं होतं आणि त्याला दोन निळे डोळे होते. खाली वैशालीने लिहिलं होतं, "आई म्हणते साप, बाबा म्हणतात अळी. बघायचीय तर ये."

नुसत्या अळीसाठी नाशिकहून बोईसरला कोणी जात नाही, हे आधीच कबूल करतो. वैशाली आणि मी नाशकात एकाच कॉलेजात होतो. ती डिग्री घेऊन बोईसरजवळच्या पाम गावी आपल्या घरी परतली. मी दुसऱ्या वर्षी एका सरांशी भांडलो आणि रागात कॉलेजच सोडलं. तेव्हापासून मी "तुझ्या घरी येतो" म्हणत होतो आणि ती "नको" म्हणत होती. या वेळी पहिल्यांदाच "ये" आलं, आणि मागोमाग दुसरा मेसेज: "बाबांना भेट. पण आवाज चढवू नकोस. एकदा बिनसलं की मला घरात तुझं नाव काढता येणार नाही."

शनिवारी पहाटेची एसटी धरली. नाशिकहून त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर आणि मग बोईसर. गणपती नुकतेच गेले होते. हा रस्ता बघायचा तर याच दिवसांत बघा. जव्हारच्या आसपास उतारावर नाचणी, खाचरांत पोटरीला आलेलं भात, आणि ढग इतके खाली की ड्रायव्हरने भर सकाळी दिवे लावले. जव्हारला गाडी थांबली की गरम वडे खाऊन घ्या, पुढे बराच वेळ काही मिळत नाही. रस्ता मध्येमध्ये उखडलेला आहे. पाठ दुखत असेल तर मागची सीट टाळा.

मनोर सोडलं आणि हवा बदलली. आधी टेम्पो, मग टँकर, मग कारखान्यांच्या भिंती. माझा मित्र सागर बोईसरलगत कुंभवलीत खोली घेऊन राहतो, एका कारखान्यात शिफ्टला जातो. त्याच्याकडे बॅग टाकली आणि पामच्या शेअर रिक्षाची वाट बघत औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला उभा राहिलो. रस्त्याच्या मधोमध कण्हेर लावलेली. ही अळी कण्हेरीवरही असते असं वाचलं होतं, म्हणून वाकून पानं उलटू लागलो. ड्यूटी सुटलेला एक कामगार सायकल थांबवून म्हणाला, "क्या गिर गया भैया?"

"कुछ नहीं, इल्ली ढूँढ रहा हूँ."

"इल्ली?" त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "शादी हुई?"

"नहीं."

"तभी," म्हणाला आणि पायडल मारून गेला.

पाम फार लांब नाही, पण उतरल्यावर वाटतं भलतीकडेच आलो. नारळ, केळी, चिकू, आणि प्रत्येक घराच्या कुंपणाला पूजेपुरती फुलझाडं. वैशालीच्या अंगणात तगरीची रांग होती. तिचे बाबा तिथेच नारळ सोलत बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि बोटाने झाड दाखवलं. "बघ तुझी पाहुणी."

समोर उभा राहूनही मला मिनिटभर दिसली नाही. आणि दिसली तेव्हा मी खरंच एक पाऊल मागे आलो. वीतभर नसेल, पण अंगाने भरलेली. पोपटी रंग, दोन्ही कुशींना पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, शेपटीला छोटं पिवळसर शिंग. पानाची कड धरून वरून खाली, वरून खाली खात होती, न्हाव्याचा वस्तरा फिरावा तशी. मी फांदीला जरा हात लावला तर तिने डोकं आत ओढलं, मान फुगवली आणि ते दोन निळे डोळे माझ्यावर रोखले. ते डोळे नुसते रंगवलेले आहेत हे ठाऊक असूनही माझा हात मागे आला.

"चीक लावून घेऊ नको," काका म्हणाले. "डोळ्यात गेला तर आग होते. ही रोज तोच खाते, हिला काय नाय होत."

"तुम्ही मारत नाही हिला?"

"चार पानं खाते. झाडाला काय कमी हायत?"

काकू आतून म्हणाल्या, "मी रोज फुलं तोडते, मला नाय दिसली. हिला बरी दिसली!" वैशालीने ओढणी सारखी केली आणि हसू लपवलं. मला नाशिक-बोईसर वसूल झालं.

दिवेलागणीला तिने मला मधुमालतीच्या वेलाजवळ उभं केलं. "हलू नकोस." आधी आवाज आला, बारीक पंख्यासारखा. मग अंधुक उजेडात एक मोठा पतंग फुलासमोर हवेतच थांबला. पंख दिसेनात, नुसती थरथर. लांब सोंड फुलात घातली, काढली, बाजूच्या फुलावर गेला. मग क्षणभर भिंतीवर टेकला आणि मला त्याचे पंख दिसले: गडद हिरवा, फिकट हिरवा, मध्ये गुलाबी पट्टे, जुन्या संगमरवरात रंग मुरावेत तसे. इंग्रजीत याला ऑलिएंडर हॉकमॉथ म्हणतात. वैशाली कुजबुजली, "ती खादाड अळी म्हणजे हाच." तिच्याशी बोलायचं म्हणून ठरवून आलेलं सगळं मी विसरलो.

रविवारी सकाळी सागरच्या खोलीवर चहा घेत होतो, तेवढ्यात तिचा मेसेज आला. "बाबा म्हणाले, अळी उतरली."

आमच्या घरी भात उतरला म्हणजे आंबला, टाकून द्या. अळी उतरली म्हणजे गेली! ओसरीवर मी आदल्या दिवशी फवारणीचा पंप पाहिला होता. डोक्यात लगेच जुळलं. रिक्षा केली, थेट अंगणात शिरलो. अळी खरंच जमिनीवर होती. हिरवा रंग गेलेला, पाठ करपल्यासारखी तपकिरी, आणि बिचारी सैरावैरा चालत होती.

"पंप मारलात ना?" मी ओरडलो. "दोन दिवस धीर धरवला नाही तुम्हाला? एवढासा जीव!"

काका नारळाच्या ढिगाजवळ उभे होते. मी अळी उचलून तगरीवर ठेवली. ती खाली आली. परत ठेवली. परत आली. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा काका म्हणाले, "किती वेळा चढवणार हायस?"

"मरेल ती!"

"पोट भरलं तिचं. आता पान नको, जमीन हवी. कोष करायचा असला की रंग टाकते नि झाडावरनं उतरते. पंप वांग्यांचा हाय." मग हातातला नारळ दाखवून म्हणाले, "आमच्यात उतरला म्हणजे तयार झाला."

वैशाली दारात होती. ती हसली असती तरी चाललं असतं. ती आत गेली.

मी माफी मागितली. काकांनी बराच वेळ नारळ सोलले. मग काकूंकडून एक जुना बरणीवजा डबा मागवला, तळाशी माती, वर तगरीचा पाचोळा, एक काटकी उभी खोचली आणि अळी आत सोडली. ती क्षणात पाचोळ्याखाली गेली. वर जाळीचं फडकं बांधून डबा माझ्या हातात दिला.

"उकरून बघायचं नाय. पतंग निघाला की मला फोन कर. तिला नको, मला. तोवर इकडं येऊ नको."

परतीच्या गाडीत कंडक्टरने डब्याकडे संशयाने बघितलं. "सुके बोंबील नाहीत ना?"

"अळी आहे."

"मग बसा. तिला अर्धं तिकीटपण नाही."

घरी डबा खिडकीत ठेवला. वैशालीचा मेसेज नाही. मी रोज फडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडत होतो आणि रोज हात शिवशिवत होता. आत जिवंत आहे की नाही, एक काडी घालून बघायला काय हरकत होती? दहाव्या दिवशी तर फडक्याची गाठ सोडली होती. परत बांधली. आयुष्यात एवढा गप्प मी कधी बसलो नसेन.

दोन आठवडे होत आले तेव्हा एका सकाळी काटकीवर काहीतरी लोंबत होतं, चुरगळलेल्या ओल्या कागदासारखं. बघता बघता पंख उलगडत गेले, हिरव्यावर हिरवा चढत गेला, गुलाबी पट्टे उमटले. दिवसभर तो तसाच लटकून राहिला. मीही खिडकीतून हललो नाही, आई जेवायला हाका मारून थकली. उजेड कमी झाला, पंख थरथरायला लागले, आणि मी फडकं काढलं. गेला. शेजारच्या छपरावरून, सरळ.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगतो: तगरीखाली किंवा कण्हेरीखाली जाडसर काळ्या लेंड्या दिसल्या की मान वर करा आणि धीर धरा. एवढा देखणा जीव मी आजवर पाहिला नव्हता, आणि तो रस्त्याच्या मधल्या झुडपांतही असतो, टँकर जात असताना.

मग काकांना फोन लावला. "काका, उडाला."

"फोटो पाठव."

तेव्हा लक्षात आलं. दिवसभर नुसता बघत बसलो होतो. "नाही काढला."

"मग मला कसं कळायचं?"

मी काही वाद घातला नाही. "कोषाची रिकामी साल आहे. बाकी माझ्या शब्दाशिवाय काही नाही."

मागे काकूंचा आवाज आला, कोण आहे विचारणारा.

"रविवारी ये," काका म्हणाले. "पहाटेचीच गाडी धर. नंतरची पोचेस्तोवर जेवण गार होतं."