आधी जावई

देवीची साथ आली त्या वर्षी आरोग्य खात्याने मला माझ्याच सासुरवाडीला पाठवलं, कारण तिथे माझ्या शब्दाला फार वजन आहे असा साहेबांचा समज होता. (तो मीच करून दिला होता.)

मी रामदासपेठेतल्या कचेरीत कारकून. सोबत लस टोचणारे मेश्राम. कुहीजवळच्या त्या गावात कोणीच टोचून घ्यायला तयार नव्हतं. लशीनेच देवी येते, असं बोललं जात होतं. मी पारावर उभा राहून अर्धा तास भाषण ठोकलं. तेवढ्यात समोर बसलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते, आणि घरात आता वर्षाची नात होती.

"तुमी टोचली काय, जावईबापू?"

"मी... म्हणजे मी खात्यातच आहे."

"बाही वर करा."

दंड कोरा. सुईच्या भीतीने मी शाळेपासून प्रत्येक वेळी पळालो होतो. सभा हसत हसत पांगली. मेश्राम झाडाकडे पाहू लागले.

"मंग आमाले काहून सांगून राह्यले?" सासूबाई म्हणाल्या. "मीच पाहून येतो. मले तं काही देवी पुन्हा येत नाही."

आणि त्या खरंच निघाल्या! शेजारच्या गावात साथ शिरली होती. तिथे काहींनी लस घेतली होती, काहींनी नाही. बाईंनी दोन दिवस एकूण एक घर पालथं घातलं (आमच्या खात्याने तोवर फक्त भिंती रंगवल्या होत्या) आणि तिसऱ्या दिवशी त्या स्वतः पारावर चढल्या.

"गाव एक, विहीर एक. ज्यायनं टोचली, त्यायच्यातलं कोणी पडलं नाही. पडले ते सारे न टोचलेले. मी माह्या नातीले टोचून घेतो. पण आधी जावई."

मेश्रामांनी सुई काढली. ती दंडाला लागली की नाही हे मला सांगता येणार नाही. मी आधीच आडवा झालो होतो. डोळे उघडले तेव्हा सासूबाई पदराने वारा घालत होत्या, नातीचं टोचून झालं होतं आणि मेश्रामांपुढे थेट विहिरीपर्यंत रांग लागली होती.

त्या गावात देवी शिरलीच नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मीही ती निमूटपणे थोपटून घेतली.

गावाने मात्र माझा खरा उपयोग ओळखलाय. सुई पाहून पोरगं रडायला लागलं, की आई त्याला समजावते, "भेऊ नको गा. त्यातून जावईबापू बी वाचले."