गच्ची धुतल्याचं पाणी

ये, जवळ सरक. तू समोर नाहीस हे मला कळतं, पण समोर बसलीयस असं धरूनच लिहिते, नाहीतर माझा हात चालत नाही. आणि आधी रागावणार आहे. गेल्या खेपेला आलीस, तुमच्या सोलापूरच्या बिल्डिंगीचं कौतुक सांगत बसलीस. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीनं खाली आणतात, टाकीत साठवतात, उन्हाळ्यात कामी येतं. मी एवढंच विचारलं, "गच्ची धुतल्याचं पाणी कुठं सोडतात गं?" तर खुदकन हसलीस. "आजी, तुला पाण्याचासुद्धा संशय!" असं हसू नये बाळ. म्हातारी काही विचारते, तर का विचारते ते आधी विचारावं. आता ऐक.

आमच्या गावच्या कमिटीतल्या मेंबरनं एकदा माझी घागर पायानं लोटली. हातानं नाही. हात लावायचा नव्हता त्याला. घागर रिकामीच होती. गावच्या मोठ्या हौदाच्या कट्ट्यावरून गडगडत खाली गेली, काठाला पोचा पडला.

"तुमचा हौद मागं हाय. बांधून दिलाय की. हिकडं काय काम?"

मी म्हणाले, "मालक, त्या पाण्याला वास येतो."

"येकाच गच्चीचं पाणी हाय. तुमच्यासाठी देव येगळा पाऊस पाडतो व्हय?"

पाणी भरायला आलेल्या बाया हसल्या. एक तोंडाला पदर लावून म्हणाली, "वास पाण्याला नसंल, भांड्याला असंल."

मी घागर उचलली. लग्नाला आलेली पोर होते मी तेव्हा. मान खाली घालून वस्तीकडं निघाले. आणि खरं सांगू? वाटेत कुणी बघत नाही असं पाहून मी घागरीत नाक घालून वास घेतला. आपलाच असला तर? असं वाटलं. माणूस माणसाला कुठवर नेऊन सोडतो बघ.

गाव कुठलं ते लिहीत नाही. लिहिलं की तिथले लोक म्हणणार, आमच्यात असं कधी नव्हतंच. धाराशिवच्याच मुलखातलं, परंड्याच्या अंगाचं, बाजाराचं गाव एवढं धर. निजामाचं राज्य गेलं होतं. राज्य बदललं, राज्य बदललं, असं जो तो बोलायचा. गावातल्या विहिरी शिमग्यालाच तळ दाखवायच्या, आणि पाऊस लागला की तेच पाणी बाजारपेठेत गुडघाभर साचायचं, दुकानात शिरायचं. म्हणून गावच्या कमिटीनं ठरवलं, जुन्या कचेरीची गच्ची मोठी आहे, तिचं पाणी हौदात धरायचं. पेठेतला चिखल कमी होईल आणि प्यायला पाणी राहील. कल्पना चांगली होती. वाईटाला वाईट म्हणते तशी चांगल्याला चांगलं म्हणते मी.

गच्ची चुन्याची. जागोजाग तडकलेली. ती नव्यानं कुटायला आमच्या वस्तीतल्या बाया बोलावल्या. वस्ती म्हणते मी. तेव्हा गाव महारवाडा म्हणायचं. चुना, वाळू, विटांचा चुरा, त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी. रांगेनं उकिडवं बसायचं आणि लाकडी थापीनं ठोकत ठोकत मागं सरकायचं. ठोकायचं, सुकू द्यायचं नाही, पुन्हा ठोकायचं. माय माझ्या शेजारी असायची. चुन्यानं तिचे तळवे फाटले, तर ती त्याला गोडं तेल चोळून परत बसायची. अशी गुळगुळीत केली आम्ही ती गच्ची, की वर तोंड दिसावं.

काम संपलं तेव्हा मेंबर वर आला. पांढरी टोपी, गळ्यात उपरणं. म्हणाला, "हे पाणी समद्या गावाचं. तुमाला येगळा हौद. कुणी वाढायची वाट बघायला नको."

बाया हरखल्या. का नाही हरखणार? तोवर आम्हाला विहिरीवर लांब उभं राहावं लागे. कुणाला दया आली तर वरून आमच्या घागरीत पाणी ओतायचं, ते अर्धं अंगावर. आता आपला हौद, आपला हात.

माय एकटी हरखली नाही. घरी येताना म्हणाली, "ह्यो मानूस कधी आपल्या सावलीतनं गेला न्हाय. आन आज हौद देतो?"

मी म्हणाले, "माय, तुला कशातच बरं दिसत न्हाय."

"बरं आसलं तर दिसंल की."

पाऊस आला. आणि काय गंमत सांगू तुला, आमचा हौद आधी भरायला लागला! खापरी नळातनं धो धो पाणी, आणि गावच्या मोठ्या हौदाला थेंब नाही. पोरं हौदाभोवती नाचली. एका म्हाताऱ्यानं नळाला हळदकुंकू लावलं. "आपला नंबर पयला लावला गं सरकारनं," म्हणत होता, डोळ्यांत पाणी त्याच्या. मग थोड्या वेळानं आमचा नळ आटला आणि गावचा वाहू लागला. आम्ही म्हटलं, ठीक आहे, आपल्याला दिलं, आता त्यांना. असं वाटून घेतलं तर कुणाचं काय जातं?

चार दिवसांत पाणी हिरवं झालं. वर पिसं. तळाला काळा गाळ. लेकरांना ढाळ लागले. त्या म्हाताऱ्याचा नातू तर इतका गळाला की त्याला धरून बसवावं लागे. गावात बोलणं सुरू झालं, हौद दिला तरी ह्यांना ठेवता येत नाही. आम्हालाही ते पटलं, हे बघ. पुरुषमंडळी हौदात उतरली, राख लावून घासला. पुढचा पाऊस आला. पुन्हा आमचा नंबर पहिला. पुन्हा तोच वास. तेव्हाच मी घागर घेऊन मोठ्या हौदाकडं गेले होते, आणि पुढं काय झालं ते तुला वर सांगितलंच.

त्या दिवशी घरी आल्यावर मायनं घागर हातात घेतली. पोचा पडलेला काठ बघितला. म्हणाली, "पानी खाली बघून कळायचं न्हाय. ते येतं वरनं."

म्हणून परत आभाळ भरलं तशी मी कचेरीच्या मागच्या जिन्यानं वर चढले. पाऊस सुरू झाला होता. वर शिपाई बसलेला, डोक्यावर पोत्याची खोळ. माणूस तसा वाईट नव्हता. मला बघून दचकला.

गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याला जायला दोन भोकं. गावच्या हौदाच्या भोकात चिंध्यांचा बोळा गच्च मारलेला, आमच्या हौदाचं उघडं. आम्हीच कुटलेल्या त्या गच्चीवरनं पारव्यांची घाण, मेलेले किडे, वर्षाची धूळ वाहत उघड्या भोकात जात होती. मी बघत उभी राहिले. पाणी निवळलं. गच्चीचा पांढरा चुना दिसायला लागला. मग शिपाई उठला, बोळा उपसला आणि आमच्या भोकात मारला.

"काका, हे काय करताय?"

"छत धुतलं की बोळा बदलायचा. तसा हुकूम हाय."

"आणि धुतलेलं पाणी?"

तो माझ्याकडं बघेना. म्हणाला, "आगं, ते कुणी पितंय व्हय? म्हनून तर तुमचा हौद बांधलाय."

पोरी, म्हाताऱ्यानं नळाला लावलेलं कुंकू माझ्या डोळ्यांपुढं आलं. नंबर पहिला लावला म्हणत होता. आम्हाला हौद दिला नव्हता. घाण टाकायला जागा हवी होती, आणि त्यासाठी गटार कशाला बांधायचं, आमचं तोंड आयतंच होतं.

रडू आलं नाही. काय आलं ते नीट सांगता येत नाही. 

खाली उतरले. घरातनं घागर घेतली. माय माझ्यामागं चालू लागली. मोठ्या हौदावर पावसातही चार बाया होत्या, आडोशाला मेंबर. मी कट्ट्यावर चढले. घागर आत घातली. ती भरताना जो आवाज होतो ना, तो अख्ख्या चौकाला ऐकू गेला असेल.

"ए! बाटवलास की गं हौद!" मेंबर ओरडला.

मी घागर कमरेवर घेतली. माय खाली उभी होती. ती म्हणाली, "हितंच पी. समद्यांच्या देखत पी."

ओंजळीनं प्याले. गोड होतं. चुन्याची किंचित चव. ती चव आम्हीच घातलेली.

मेंबर अंगावर आला, पण हात लावीना. आता कुठं पाय लावणार? घागर माझ्या कमरेवर होती. तो नुसता ओरडत राहिला, आणि आम्ही दोघी त्याच्यासमोरून चालत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदाचं खालचं बूच काढलं. सगळा हौद सोडून दिला. उरलेलं पाणी बादल्यांनी उपसलं, आत गोमूत्र शिंपडलं. काठोकाठ भरलेला हौद, गावाचा उन्हाळा होता त्यात. ते पाणी उतारानं आमच्याच वस्तीवरून ओढ्याला गेलं. कुणी घागरी भरून घेतल्या, कुणी नाही. भरल्या त्यांना मी नावं ठेवत नाही, घरात आजारी लेकरं होती. मायनं आमच्या दाराशी हात आडवा धरला. "सांडलेलं न्हाय. घीन ते हौदातनं घीन."

त्यानंतर पाऊस पडला नाही म्हण ना. शिंतोडे आले तेवढेच. उन्हाळ्यात पेठेतली माणसंही ओढ्यात झिरे उकरायला आली, आमच्याच शेजारी. तिथं, भांड्याला वास म्हणालेल्या त्या पदरवाल्या बाईनं मला गाठलं.

"तुझ्यापायी गाव तहानंलं बघ."

मी म्हणाले, "म्या येक घागर घेतली, बाई. बाकीचं समदं तुमी वतलं."

 माझं मलाच ते वाक्य आधी ठाऊक नव्हतं. तोंडातनं निघालं आणि मगच कळलं की हे असं आहे.

आमच्या बायांनी त्या साली थापी हातात धरली नाही. गच्चीच्या डागडुजीला बोलावणं आलं, कोणी गेलं नाही. आमचं ते भोक आम्हीच वर जाऊन चुन्यानं बुजवलं, कायमचं; आता गच्चीवरनं येईल ते सगळ्यांना सारखं. पाऊस लागला, मोठा हौद भरला. मी पुन्हा घागर घेतली. ह्या खेपेला एकटी नव्हते. त्यांनी हौद परत ओतला. ओतू देत. पुन्हा भरला की पुन्हा जायचं, हे आमचं ठरलं होतं, आणि लग्न होऊन येरमाळ्याकडं येईपर्यंत मी एक पाऊस चुकवला नाही.

तेव्हापासून कुणी म्हणालं, हे सगळ्यांचं आहे, तर मी आधी वर चढून बघते. तुम्ही त्याला संशय म्हणा. मी मरेपर्यंत सोडणार नाही, आणि तूही सोडू नको. हात जोडून दिलेलं असो, हसून दिलेलं असो, माझ्या वाट्याला काय येतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार.

तर ह्या सुट्टीत ये. सणाची वाट बघू नको, लवकर ये. आपण दोघी त्या गावाला जाऊ. आता तिथं घरोघर नळ आलेत म्हणतात, नवी टाकी बांधलीय म्हणतात. आमच्या वस्तीला कुठलं पाणी सोडतात ते मला विचारायचंय. टाकीला जिना असेल तर तू आधी चढ, मी मागनं येते.