भाऊजींची राहिलेली भैरवी

वैशाखाच्या उन्हात एकाच पायात मोजा घालून सारा अकोला पालथा घालणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. भाऊजी व्हायोलिन वाजवत. मांडी घालून बसायचं आणि व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं, म्हणून त्यांच्या लेखी उजवा पाय हे वाद्यच होतं. डावा पाय ठेचकाळला, चिखलात गेला, तरी हरकत नव्हती. उजव्याला मात्र मोजा, पावडर आणि झोपताना वेगळी उशी. एकदा अकोटच्या एसटीत शेजारच्या बाईनं कळवळून विचारलं, पायाला काही लागलं काय बाप्पा? तर हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाही माय, आज त्याचा कार्यक्रम हाये." ती बिचारी अकोट येईपर्यंत त्या पायाकडेच बघत होती.

तंबोऱ्यावर मी. माझं सासर अमरावतीला, पण अकोल्याच्या जुन्या शहरातून भाऊजींचा निरोप आला की हातातलं काम टाकून तिकडची बस पकडायची. माझ्या गुणांमुळे नव्हे हो! अकोल्यातले सगळे तंबोरेवाले त्यांच्याशी भांडून मोकळे झाले होते, आणि मेहुणीला भांडायचा हक्क असला तरी सोडून जायची सोय नसते. तंबोरा जुळवताना ते माझ्याकडे असं तोंड वाकडं करून बघत, जशी काही मी त्यांना कारल्याची भाजी वाढली होती. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे.

मैफल भैरवीनं संपवायची आणि भैरवीनंतर दुसरं काही वाजवायचं नाही, ही रीत पोराटोरांनाही ठाऊक असते. ताकभात झाला की पंगत उठली. भाऊजी मात्र ताकभाताआधीच उठत. लोक भैरवी, भैरवी म्हणून मागे लागत, आणि हे हात जोडून व्हायोलिन पेटीत ठेवत. येत नसेल तर तसं सांगा, लाजू नका, असं मी चिडवायची. एकदा परतीच्या बसमध्ये खरं बोलले. "भैरवी झाली तं मैफल सरली, बाई. बाकी ठेवली तं लोक पुन्हा बलावतीन." हसावं की काय करावं मला कळेना. पुढच्या बोलावण्यावरच तो माणूस जगत होता.

सगळ्यात लाडकं बोलावणं अकोटचं. तिथल्या एका चाचांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगाम उतरणीला लागला की चाचा जिनिंगच्या अंगणात गाद्या घालून भाऊजींना बसवत. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे, व्हायोलिनच्या राळ लावलेल्या गजाला चिकटायचे, सूर घोगरा व्हायचा. भाऊजी भर आलापात थांबून गज पुसत आणि सगळ्यांदेखत चाचांवर डाफरत. चाचा म्हणत, आमचा कापूसही ऐकायला येतो, उस्ताद, त्याला काय हाकलू? दर वर्षी हेच भांडण, आणि दोघांनाही ते भारी आवडायचं.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, खेड्यापाड्यांतून रोज काहीतरी वाईटच कानावर यायचं. गाण्याबिण्याचं कोणाला सुचतंय! मैफली करणारं एकेक मंडळ बोलवायचं थांबलं आणि शेवटी उरलं अकोट. त्या वर्षी गेलो तर जिनिंगला कुलूप. चाचांनी तरीही अंगण झाडून गाद्या घातल्या होत्या. अर्धा राग झाल्यावर भाऊजी सवयीनं थांबले आणि गज पुसायला घेतला. गज स्वच्छ होता. तरी त्यांनी तो पुसला.

चाचा हळूच म्हणाले, "उस्ताद, मशीन विकून टाकली. पुढच्या साली काही जमत नाही. आज भैरवी होऊन जाऊ द्या."

भाऊजींनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. "भैरवी बाकी हाये, चाचा. मले बलावाच लागन तुमाले."

मला असा राग आला! माणूस एवढं तोंड उघडून मागतोय आणि यांचं आपलं तेच. चाचा मात्र हसले आणि त्यांनी भाऊजींचा हात धरून ठेवला.

बोलावणं काही आलं नाही. पण दर हंगामाला अकोटहून चाचांचा फोन यायचा, भैरवी बाकी आहे ना? आहे तर, म्हणून भाऊजी सांगत आणि पुढचे चार दिवस मोजा चढवून गावभर हिंडत. ताई म्हणायची, फोन आला की यांना औषध लागत नाही.

एका सकाळी ताईचाच फोन आला. अकोटचे चाचा गेले, एवढं सांगितलं. मग म्हणाली, "हे भैरवी वाजवून राह्यले. ऐक." तिनं रिसीव्हर तिकडे धरला. फोनमधून सूर खरखरत येत होते, पण काय भैरवी होती ती! इतकी वर्षं या माणसानं ही पोटात कशी ठेवली असेल, असं वाटून मला रडूच आवरेना. साथीला तंबोरा नव्हता, म्हणून मी इकडे अमरावतीत भिंतीशी उभी राहून फोनमध्ये नुसता सा लावून धरला. त्यांना ऐकू गेला की नाही, देव जाणे. शेवटी पेटीची कडी लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर भाऊजींच्या पायात मोजा कधी दिसला नाही.