चिमणीसाठी घेतलेली गाडी

पाचशे किलोच्या घोडीचं नाव चिमणी ठेवणाऱ्या बाईला काय म्हणावं? हॉस्पिटलात तिला सगळे ताई म्हणत, आपणही ताईच म्हणू. ताई एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका, सोडा" असं बजावायची, आणि स्वतः मात्र गेले काही दिवस धड श्वास घेत नव्हती.

चिमणीच्या पुढच्या खुरांना दुखणं जडलं होतं. दर तीन आठवड्यांनी तिला डोंगरापलीकडच्या घोड्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागे. खुरं नीट तासून खास नाल ठोकली नाही, तर तिला उभंही राहवत नसे. न्यायला एका घोड्यापुरता ट्रेलर होता आणि तो ओढायला जुनी पिकअप. मागच्या खेपेला उतारावर ट्रेलरने मागून असा रेटा दिला की पिकअप रस्त्यावर आडवी झाली आणि कडेच्या मातीच्या ढिगावर जाऊन आदळली. दोघींनाही खरचटलं नाही, पण पिकअप भंगारात गेली. ट्रेलर दुसऱ्या गाडीला जोडून कसंबसं पोचल्यावर डॉक्टरांनी चिमणीच्या छातीला नळी लावली. ती घामाने निथळत होती.

"हिचं हृदय आता तरुण राहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "दर वेळी ही अशीच भिजून येते. असंच चाललं तर एक दिवस मी दार उघडेन आणि ही आत मरून पडलेली असेल."

नेलं नाही तर पाय जाणार, नेलं तर जीव जाणार. पुढची तारीख अकरा दिवसांवर होती आणि दारात गाडीच नव्हती.

ताईच्या मते सगळा दोष त्या जुन्या पिकअपचा होता. म्हणून ती जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेली, आणि तिथे तिचा जीव जडला एका अजस्र ट्रकवर. सहा चाकं, चढायला दोन पायऱ्या. सोबत आलेला धाकटा भाऊ कपाळाला हात लावून उभा राहिला. हा भाऊ बावीस वर्षं शहर-बस चालवणारा, गाडी आवाजावरून ओळखणारा.

"ताई, हे धूड घेऊन रोज हॉस्पिटलात जाणार? जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर! अर्धा पगार डिझेलमध्ये जाईल. आणि उभं कुठे करणार, ऑपरेशन थिएटरमध्ये?"

"हसू नकोस. मला ओढणारी गाडी हवी."

"ती बघ, ती छोटी डिझेल पिकअप. ॲव्हरेज झकास, आणि कागदावर दोन टन ओढते. तुझी चिमणी आणि ट्रेलर मिळून दीड टनसुद्धा नाही."

"कागदावर!" ताई फिस्कारली. "कागद उतरतो का डोंगर?"

ती खरोखर घाबरलेली होती. झोपेतसुद्धा तिला मागून तो रेटा जाणवायचा. कपडे धुताना, जेवताना, कुणाच्या बरगड्यांचा एक्स-रे बघताना, मधूनच ती हातातलं काम सोडून मागे वळून बघायची. भीती एकदा घरात शिरली की स्वतःच्या हाताने चहा करून घेते, तसं झालं होतं.

शेवटी भावाने दलालाकडून छोटी पिकअप एका दुपारपुरती मागून आणली. बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या आवारात एक लांब, वळणाचा उतार होता. पहारेकरी ओळखीचा. ट्रेलरमध्ये चिमणीच्या वजनाइतकी वाळूची पोती रचली, घट्ट बांधली.

"पोत्यांना काय कळतंय?" ताई म्हणाली. "मी आत उभी राहते. ती काय सोसते ते मला बघायचंय."

"वेड लागलंय का तुला?"

"चालव."

ती ट्रेलरमध्ये चिमणीच्या जागी, पोत्यांच्या पुढे उभी राहिली. दार लागलं. आत अंधार, चाऱ्याचा आणि जुन्या घामाचा वास. तिने पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, डोळे मिटले. आता रेटा येईल, आता येईल. इंजिनाचा आवाज बदलला, भावाने वर असतानाच गिअर खाली टाकला होता. ट्रेलर कलला, वळला, पुन्हा सरळ झाला. मग थांबला. तिला वाटलं, मध्येच थांबलाय. दार उघडलं तर पायथा आला होता.

"बघितलंस? छान आहे गाडी," भाऊ म्हणाला.

"तू हळू चालवलीस म्हणून. खऱ्या उतारावर काय होतं ते दाखवते तुला. आता तू आत."

कुरकुरत तो आत शिरला. ताईने ट्रेलर वर नेला, वळवला आणि उतरायला लागली. तिच्या मते ती जीव मुठीत धरून, अगदी जपून उतरली. वेगही भावापेक्षा कमीच होता. खाली येऊन तिने दार उघडलं.

भाऊ पोत्यांना पाठ लावून बसला होता. ओठ फुटला होता, कोपर सोलवटलं होतं. त्याने एकही विनोद केला नाही.

"अरे देवा! बघ, म्हणत होते ना मी? मोठा ट्रकच लागणार."

"ताई, गाडीत काही खोट नाही."

"मग हे रक्त कसलं?"

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. "तू ब्रेक दाबत नाहीस, ब्रेकवर उभी राहतेस. मग घाबरून सोडतेस, की परत उभी राहतेस. मला दांडी धरायला दोन हात होते, तरी आपटलो. तिला तर हातही नाहीत. आणि प्रत्येक ब्रेकला मागून वजन येतं, ते तूच बोलावतेस."

ताईला त्याचा संताप आला. मग तिला आठवलं, घाटात आपण ब्रेकवरून पाय कधी उचलायचो तेच आपल्याला माहीत नसायचं. ज्या जिवासाठी ती एवढी घाबरत होती, त्याला त्या भीतीनेच दर खेपेला पेटीत घालून आपटत होती. ती भावाशेजारी बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

छोटी पिकअप घेतली. रोज हॉस्पिटलला ताईच नेते, एकटी, झोकात. डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी मात्र भाऊ रजा काढतो. पहिल्या खेपेला चिमणीला आत चढवायला नेहमीसारखाच पाऊण तास गेला. पण डोंगरापलीकडे डॉक्टरांनी दार उघडून तिच्या मानेवर हात फिरवला तो कोरडाच होता. दुसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं लागली. तिसऱ्या खेपेला भावाने दोर धरला आणि ती त्याच्यामागून टपटप चढून गेली, जणू रोजचंच आहे.

चौथ्या खेपेला भाऊ टायरची हवा बघत होता. ताईला वाटलं, आता घोडीची भीती गेली, आपणच चढवू. तिने दोर हातात घेतला. लहानपणापासून ताईनेच खाऊ घातलेली, ताईच्याच खांद्यावर मान टाकून डुलकी काढणारी चिमणी. ट्रेलरच्या फळीपाशी तिने पुढचे दोन्ही पाय रोवले, मान वर केली. अंगभर एक थरथर गेली.

ताईने दोर भावाच्या हातात दिला आणि पुढे जाऊन शेजारच्या सीटवर बसली. मागे लाकडी फळीवर चार खुरं लागोपाठ वाजली.