चंपतची जुनी पट्टी

बाजारहत्नूरच्या चंपतनं वीस वर्षं भीमगीतांची पार्टी चालवली. त्याचं ‘बापाची पाटी’ हे गाणं कॅसेटीतून मोबाइलात गेलं, घरोघरी पाठ झालं. गळ्याच्या ऑपरेशननंतर आज इंद्रवेल्लीत तो पहिल्यांदाच माइकसमोर उभा होता. आवाज फाटला तर पुन्हा कोण बोलावणार?

“पंचफुले, पट्टी खाली घे,” तो पेटीवरच्या बायकोला म्हणाला.

“काऊन? समोरच्या बायायले मंग संगं गाता येत नाई. भेऊन राह्यले तुमी, त्यायनं काय केलं?”

तिनं जुनीच पट्टी धरली आणि ‘बापाची पाटी’ सुरू झालं.

शेवटचं कडवं समोर बसलेल्या बायांनी म्हणायचं, ही पार्टीची रीत. चंपतचा आवाज मधल्याच कडव्यात बसला. तो थांबला, तशी आपली पाळी आली समजून बायांनी गाणं उचललं.

“निभलं ना?” पंचफुला हसली.

“अजून चार गाणे हायेत,” म्हणत चंपतनं पुन्हा माइक धरला.