केणे की काणे

या गौरवग्रंथाच्या मुद्रितांत एका स्नेह्यांनी लिहिले आहे की, परेरा सरांनी एकदा जिवंत माणसाचे नाव मृतांच्या यादीत घातले होते आणि छपाईआधी काढलेही. ते नाव मी घातले होते. सर स्वतः ही दुरुस्ती करणार नाहीत, म्हणून मला लिहावे लागत आहे.

अंतोन परेरा ठाण्यातल्या आमच्या दैनिकात विदेशवृत्ताचे संपादक होते. मी डोंबिवलीहून येऊन रुजू झाले त्या दिवशी त्यांनी आपले इंग्रजीतले नाव पुढे केले आणि मराठीत लिहायला सांगितले. मी ‘परेइरा’ लिहिले.

“आम्ही कोलशेतचे परेरा,” ते म्हणाले. “समोरच बसलो होतो की. विचारायचं.”

परदेशी नावांच्या उच्चारांची त्यांची एक वही होती. वकिलातीत, बोटीवरच्या खलाशांना, कुणालाही विचारून ते ती भरत.

पुढे आखातातल्या एका बंदरात आग लागली. मृतांच्या इंग्रजी यादीतले एक आडनाव केणे असेही वाचता येई, काणे असेही. मोहने गावचे सुरेश केणे त्याच बंदरात आहेत, हे मला ठाऊक होते. मी बेधडक ‘सुरेश केणे, मोहने’ लिहिले.

“केणे की काणे?” सरांनी विचारले. केणेच असणार, मी म्हटले.

“बाई, घरी विचारल्याशिवाय आपण माणूस मारायचा नाही.”

त्यांनी नाव खोडले. अशा चौकशीला एकटीने जाऊ नये म्हणून स्वतः माझ्याबरोबर मोहन्याला आले. केणेवहिनी दारात सुकट निवडत होत्या. सरांनी यजमानांची खुशाली विचारली.

“त्यांना काय धाड भरलीय? सकाळीच शेजारी फोन आलेला. आग लांब लागली म्हणाले. वर सुकट धाडायला सांगितलंय.”

सर पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितले. मीही बसले.

परतताना मी जरा मोकळी हसले, तेव्हा सर म्हणाले, “काणे कुणीतरी आहेतच, बाई.” काण्यांच्या घरी कळल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी ते नाव छापले. नाव खोडल्याचे कचेरीत कळले, पण चूक माझी हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. इतकी वर्षे ती त्यांच्या नावावर राहिली. आज लिहून टाकले, हलके वाटते.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि शंभरीतही त्यांनी आम्हाला “विचारलंत का?” असे दरडावावे.

सोबत ग्रंथसमितीकडे सुपूर्द: सरांनी निवृत्त होताना मला दिलेली उच्चारांची वही, एक. त्या दिवशीच्या बातमीचा कागद, एक. अक्षर माझे, त्यातल्या ‘सुरेश केणे’वरची लाल रेघ सरांची.