म्यूटवर कोण काय बोलतं

आमच्या विजयमालाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. महाप्याच्या एका कॉल सेंटरात नऊ वर्षं साफसफाई करतात. म्यूट हा शब्द त्या तिथंच शिकल्या. तिथली पोरं म्यूटचं बटण दाबून गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उद्धारतात आणि म्यूट काढलं की आवाजात पुन्हा साखर. गिऱ्हाइकाला वाटतं, पोरगं शांतपणे ऐकतंय.

तेव्हापासून फोनवर कुणी गप्प झालं की बाईंना संशय येतो. सख्ख्या भावालाही विचारतात, "म्यूट केलंस काय रं?" भावजय तर त्यांच्या मते कायमच म्यूटवर असते.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लेकीला, प्रियदर्शिनीला, फोन लावला. "सासरी सगळं बरं हाय न्हवं?" पलीकडून काहीच उत्तर नाही. बाई भडकल्या. "म्यूट काढ आधी. नवऱ्याला माझ्याबद्दल काय सांगतीस?"

तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. पाठोपाठ दुसरी.

म्यूट केलं असतं तर शिट्टी ऐकू आली नसती. पोरगी खरोखरच गप्प होती.

बाईंनी डबा झाकला. "सहाला सुटले की तडक तिकडंच येते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बॅग भरून ठेव."